मित्रदेश फौज काढून घेतो तेव्हा

परदेशातल्या युद्धाची बातमी वाचताना एक प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. पंचवीस-तीस देश मिळून एखाद्या मोहिमेत उतरलेले असतात, त्यांच्या फौजा एकाच सेनापतीच्या हाताखाली असतात. आणि एके दिवशी त्यातला एक देश जाहीर करतो की आमचे सैनिक घरी निघाले. मग सेनापती त्यांना अडवत का नाही? करार मोडला म्हणून त्या देशाला दंड होतो का? आणि मुळात दीड लाखाच्या फौजेतून हजार-बाराशे माणसं कमी झाली तर एवढा गहजब कशासाठी?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. अडवू शकत नाही, आणि दंडही होत नाही. तसं का, हे समजून घ्यायला मात्र थोडं मागे जावं लागतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त गमतीचं आहे. इराक आणि अफगाणिस्तान या दोन युद्धांत इतके देश आले आणि इतक्या तऱ्हांनी गेले, की या प्रकरणासाठी उदाहरणांची वाण पडत नाही.

१. आघाडी म्हणजे नेमकं काय?

'लष्करी आघाडी' म्हटलं की सह्याशिक्के असलेला भक्कम करार डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात सगळ्यात भक्कम करारातही माणसं आणि बंदुकांचा आकडा नसतो. नाटोच्या करारातलं पाचवं कलम प्रसिद्ध आहे: एका सदस्यावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. पण तेच कलम पुढे सांगतं की अशा वेळी प्रत्येक देश त्याला आवश्यक वाटेल ती कृती करेल. त्याला आवश्यक वाटेल ती, सेनापतीला वाटेल ती नव्हे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर हे कलम इतिहासात पहिल्यांदा लागू झालं, तरी कुणी किती सैनिक किती वर्षांसाठी द्यायचे हे त्यातून ठरलं नाही. ते प्रत्येक राजधानीत वेगळं ठरलं.

२००३ च्या इराक मोहिमेला तर नाटोचंही छत्र नव्हतं. अमेरिकेनं तिला 'इच्छुकांची आघाडी' असं नाव दिलं. ज्याची इच्छा असेल त्यानं यावं, जमेल ते द्यावं. व्हाइट हाउसनं मार्चमध्ये जी यादी जाहीर केली तिच्यात जवळजवळ पन्नास नावं होती. त्यात आइसलँड होता, ज्याला सैन्यच नाही. कोस्टा रिकाही होता, ज्यानं १९४० च्या दशकाच्या अखेरीस आपलं सैन्य कायमचं मोडीत काढलं होतं. पुढे कोस्टा रिकाच्याच घटनापीठानं सप्टेंबर २००४ मध्ये निकाल दिला की अशा युद्धाला पाठिंबा देणं देशाच्या शांततावादी परंपरेत बसत नाही, आणि सरकारला आपलं नाव काढून घ्यायला लावलं. एकही सैनिक न पाठवता झालेली ही माघार विरळाच म्हणायची.

प्रत्यक्ष चढाईत अमेरिकेबरोबर ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया होते, आणि पोलंडचे विशेष दलाचे दोनेकशे सैनिक. अमेरिकेतल्या २००४ च्या अध्यक्षीय वादसभेत प्रतिस्पर्धी उमेदवार जॉन केरींनी पहिल्या दोघांचीच नावं घेतली, तेव्हा अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी पोलंड राहिला म्हणून त्यांना टोकलं. त्या वाक्याची पुढे कित्येक वर्षं टर उडवली गेली. पण बुश यांची अस्वस्थता खरी होती. आघाडीत झेंडे किती आहेत, हा त्यांच्यासाठी युद्धाच्या वैधतेचा प्रश्न होता. सद्दामची राजवट कोसळल्यावर 'स्थैर्य आणि पुनर्बांधणी'साठी आणखी तीसेक देशांनी तुकड्या पाठवल्या. या प्रकरणातली बहुतेक माघारीची नाटकं घडली ती या दुसऱ्या फळीत.

२. हुकूम कुणाचा, माणसं कुणाची?

बहुराष्ट्रीय मोहिमेतल्या सैनिकावर दोन अधिकार चालतात, आणि ते वेगवेगळ्या हातांत असतात.

एक पूर्ण अधिकार. सैनिकाची भरती, बढती, शिक्षा, पगार, त्याला परदेशी पाठवणं आणि परत आणणं हे सगळं यात येतं. हा अधिकार त्याच्या स्वतःच्या सरकारकडेच राहतो आणि कधीच दुसऱ्याला दिला जात नाही. दुसरा मोहिमेपुरता अधिकार: अमुक रस्त्यावर गस्त घाला, तमुक पूल राखा. हा तेवढा आघाडीच्या सेनापतीकडे सोपवला जातो, तोही ठरलेल्या कामापुरता आणि ठरलेल्या मुलखापुरता.

खेड्यात पूर्वी नांगरटीला सावड करत. लोखंडी नांगराला तीन-चार बैलजोड्या लागायच्या आणि एकाच्या गोठ्यात तेवढ्या नसायच्या. मग चौघं आपापली जोडी आणून एकाच नांगराला जुंपत. त्या दिवशी कासरा ज्याच्या हातात, त्याच्या हाकेनं सगळे बैल चालत. पण म्हणून बैल त्याचे होत नसत. मालकाच्या मनात आलं तर तो दुपारीच आपली जोडी सोडून घरी नेऊ शकत असे. पंचांकडे त्यावर इलाज नव्हता. नांगर मात्र तासात अडकून पडे.

पूर्ण अधिकार घरी राहिल्यामुळे सरकारं आणखी एक गोष्ट करतात. ती अटी घालतात. अफगाणिस्तानात जर्मनीचे हजारो सैनिक होते, पण बर्लिनची मर्यादा अशी होती की त्यांनी उत्तरेकडे, कुंदुझ आणि मझार-ए-शरीफच्या बाजूला काम करावं. खरी धुमश्चक्री दक्षिणेत कंदाहार-हेलमंदकडे चालली होती. कुणाला रात्रीची गस्त मना, कुणाला शेजारच्या प्रांतात पाऊल टाकायला बंदी. प्रत्येक तुकडीबरोबर तिच्या देशाचा एक वरिष्ठ अधिकारी असतो आणि आघाडीचा हुकूम आपल्या सरकारच्या अटींत बसत नसेल तर तो नकार देतो. लष्करी भाषेत त्याला लाल कार्ड दाखवणं म्हणतात. माघार म्हणजे याच नकाराधिकाराचं शेवटचं टोक.

अटींचं सगळ्यात चमत्कारिक उदाहरण जपानचं. जपानच्या घटनेत युद्धाचा त्याग केलेला आहे. त्यामुळे २००४ मध्ये दक्षिण इराकच्या समावा शहरात आलेल्या सुमारे सहाशे जपानी सैनिकांचं काम पाणी शुद्ध करणं, रस्ते-शाळा दुरुस्त करणं एवढंच होतं. मग त्यांचं रक्षण कोण करणार? त्या प्रांताची सुरक्षा डच सैनिकांकडे होती. २००५ च्या मार्चमध्ये डच फौज परत गेली आणि सैनिकांना राखायला दुसरे सैनिक शोधण्याची वेळ आली. आधी ब्रिटिश पुढे झाले, मग ऑस्ट्रेलियानं साडेचारशे माणसं पाठवली. नेदरलँड्सच्या संसदेतल्या निर्णयामुळे ऑस्ट्रेलियातल्या साडेचारशे घरांतला माणूस वाळवंटात गेला.

३. अकरा मार्च ते अठरा एप्रिल

माघारीची सगळ्यात गाजलेली कहाणी स्पेनची. तिचा एक सोपा सारांश जगभर रूढ झाला: बॉम्ब फुटले, मतदार घाबरले, सरकार पडलं, फौज परत आली. हा सारांश अर्धाच खरा आहे.

स्पेनचे पंतप्रधान होसे मारिया अझ्नार हे बुश यांचे युरोपातले सर्वांत उत्साही पाठीराखे. युद्धाच्या तोंडावर, १६ मार्च २००३ ला, अझोर्स बेटांवर बुश आणि टोनी ब्लेअर यांच्या शेजारी ते उभे होते. त्यांच्या देशात मात्र दहापैकी नऊ जणांचा युद्धाला विरोध होता आणि शहराशहरांत लाखोंचे मोर्चे निघत होते. चढाईत स्पेन लढला नाही. नंतर त्यानं सुमारे तेराशे सैनिक पाठवले. नजफ आणि अल-कादिसिया या शियाबहुल प्रांतांत ते तैनात झाले. त्यांच्या हाताखाली एल साल्वाडोर, होंडुरास, डॉमिनिकन प्रजासत्ताक आणि निकाराग्वा या चार लहान स्पॅनिश-भाषिक देशांच्या तुकड्या होत्या. या ब्रिगेडचं नाव 'प्लुस उल्त्रा', म्हणजे स्पेनच्या राजमुद्रेवरचं ब्रीद. ब्रिगेड ज्या डिव्हिजनचा भाग होती तिचं नेतृत्व पोलंडकडे होतं आणि तिचं मुख्यालय बॅबिलॉनच्या प्राचीन अवशेषांना लागून. २९ नोव्हेंबर २००३ ला बगदादच्या दक्षिणेस स्पेनच्या गुप्तचर खात्याची सात माणसं एकाच हल्ल्यात मारली गेली. देश हादरला, अझ्नार हलले नाहीत.

समाजवादी पक्षाचे होसे लुइस रोद्रिगेस सापातेरो विरोधी पक्षनेते होते. संयुक्त राष्ट्रांनी इराकची सूत्रं हाती घेतली नाहीत तर ३० जून २००४ पर्यंत सैनिक परत आणू, असं वचन त्यांनी दिलं होतं. बॉम्बस्फोटांच्या आधी, प्रचाराच्या भाषणांतून. या कहाणीत ही तारखांची बाब महत्त्वाची आहे आणि ती नेहमी गाळली जाते.

११ मार्च २००४ च्या सकाळी माद्रिदच्या चार लोकल गाड्यांत दहा बॉम्ब फुटले. १९० हून अधिक माणसं गेली, जखमी झालेले दोन हजारांच्या आसपास. निवडणूक तीन दिवसांवर होती. सरकारनं लगोलग बास्क फुटीरतावादी संघटना एटावर बोट ठेवलं आणि पुरावे इस्लामी दहशतवाद्यांकडे वळू लागले तरी ते सोडलं नाही. लोकांचा संताप उसळला तो या लपवाछपवीवर. मतदानाच्या आदल्या रात्री सत्ताधारी पक्षाच्या कार्यालयांपुढे जमलेले लोक एकच मागत होते: खरं सांगा. १४ मार्चला समाजवाद्यांना ३५० पैकी १६४ जागा मिळाल्या, अझ्नारांच्या पक्षाला १४८. म्हणजे स्फोटांनी निकाल फिरवला असेल, पण माघारीचं धोरण स्फोटातून जन्मलेलं नव्हतं.

तिकडे नजफ पेटत होतं. एप्रिलच्या सुरुवातीला अमेरिकनांनी शिया धर्मगुरू मुक्तदा अल-सद्र यांच्या एका निकटच्या सहकाऱ्याला अटक केली आणि ४ एप्रिलला सद्र यांच्या मेहदी सेनेनं नजफजवळच्या स्पॅनिश तळावर हल्ला चढवला. तासन्‌तास चाललेल्या त्या चकमकीत एल साल्वाडोरचा एक सैनिक ठार झाला. 'पुनर्बांधणी'साठी आलेली ब्रिगेड उघड्या लढाईत सापडली होती.

१७ एप्रिलला सापातेरोंनी शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, दूरचित्रवाणीवर येऊन त्यांनी सांगितलं की फौज शक्य तितक्या लवकर परत येईल. तीस जूनची वाट नाही. संयुक्त राष्ट्रं आपली अट पुरी करतील अशी चिन्हं दिसत नाहीत, हे त्यांनी दिलेलं कारण. बुश यांनी फोनवर या घाईबद्दल खेद व्यक्त केला. महिन्याभरात स्पेनचे सैनिक घरी होते.

नियतीचा विनोद असा, की ८ जूनला सुरक्षा परिषदेनं इराकमधल्या बहुराष्ट्रीय फौजेला एकमतानं मान्यता देणारा ठराव मंजूर केला. त्या वर्षी स्पेन परिषदेचा सदस्य होता आणि त्यानंही बाजूनं मत दिलं. तोपर्यंत ब्रिगेडचं सामान बांधून झालं होतं.

४. एका टक्क्याचं गणित

आता तिसरा प्रश्न. तेव्हा इराकमध्ये अमेरिकेचे साधारण १,३५,००० आणि बाकीच्यांचे पंचवीस हजारांच्या आसपास सैनिक होते. एकूण १,६०,०००. त्यातले स्पेनचे १,३००, म्हणजे शेकडा एकसुद्धा नाही.

हेच गणित ब्रिगेडपुरतं मांडून बघावं. निकाराग्वाची शंभरावर माणसं पैशांअभावी आधीच परतली होती. उरले स्पेनचे १,३००, होंडुरासचे ३७०, एल साल्वाडोरचे ३८० आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकाचे ३००. बेरीज २,३५०. स्पेनच्या घोषणेनंतर दोन दिवसांत होंडुरास आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक यांनीही परतीचं जाहीर केलं. नेतृत्व, वाहतूक, दवाखाना, भाषा, सगळं स्पेनचं असताना ते मागे राहून करणार काय? १,३००, ३७० आणि ३०० मिळून झाले १,९७०. म्हणजे आघाडीच्या हिशेबातला एक टक्का ब्रिगेडच्या हिशेबात चौऱ्याऐंशी टक्के झाला. मागे उरले फक्त एल साल्वाडोरचे ३८०, आणि ते २००९ च्या सुरुवातीपर्यंत टिकले. ज्यांचा माणूस त्या तळावर पडला होता तेच राहिले, याची दखल बाहेर फारशी कुणी घेतली नाही.

त्यात मुलूख नजफचा. शियांच्या सर्वांत पवित्र स्थानांपैकी एक, आणि बंड ऐन भरात. ही जागा भरायला अमेरिकेची पहिली आर्मर्ड डिव्हिजन पुढे आली. या डिव्हिजनचं इराकमधलं वर्ष पुरं होत आलं होतं. एप्रिलच्या बंडामुळे तिच्यासह सुमारे वीस हजार सैनिकांचा मुक्काम तीन महिन्यांनी वाढवला गेला. घरच्या वाटेला लागलेली माणसं नजफच्या दफनभूमीभोवती लढायला गेली.

आणखी एक हिशेब बाहेरून दिसत नाही. मैदानात कायम १,३०० सैनिक ठेवायचे तर एकूण साधारण तिप्पट लागतात: एक तुकडी तैनात, एक नुकतीच परतून दम खाणारी, एक पुढच्या पाळीची तयारी करणारी. म्हणजे जवळपास चार हजार प्रशिक्षित माणसं. एक देश गेला की दुसऱ्या कुणाच्या तरी सैन्यावर हा चार हजारांचा बोजा पडतो. शिवाय तैनात तुकडी काही महिन्यांत गल्लीबोळ ओळखायला शिकते. कोणत्या शेखचं कोणाशी वाकडं आहे, कोणता ठाणेदार विश्वासाचा, कोणत्या वळणावर सुरुंग पेरतात. म्हणून रीतसर बदलीच्या वेळी जाणारी आणि येणारी तुकडी काही दिवस एकत्र गस्त घालतात. घाईच्या माघारीत पहिला बळी या दिवसांचा जातो.

५. देश का निघतात?

निवडणूक हे सर्वांत ठळक कारण. पण एकमेव नाही.

फिलिपिन्सचं कारण होतं एक ट्रक ड्रायव्हर. जुलै २००४ मध्ये इराकी अतिरेक्यांनी त्याचं अपहरण केलं आणि फिलिपिनो तुकडी हलवली नाही तर शिर उडवण्याची धमकी दिली. तुकडी एकूण ५१ जणांची होती आणि महिन्याभरात ती तशीही परतणार होती. पण फिलिपिन्सची लाखो माणसं परदेशात, विशेषतः आखातात राबतात. ओलीस ठेवलेल्या त्या माणसात देशाला आपल्याच घरचा कुणी दिसला. अध्यक्ष ग्लोरिया आरोयो यांनी तुकडी परत बोलावली आणि दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हर सुटला. अतिरेक्यांना बक्षीस दिलं, अशी टीका अमेरिका आणि ऑस्ट्रेलियानं केली. लगेच त्याच आठवड्यात एका कुवेती वाहतूक कंपनीचे सात ड्रायव्हर पळवले गेले. त्यात तिघं भारतीय होते. भारताचा एकही सैनिक इराकमध्ये नव्हता, त्यामुळे मागे घ्यायला काही नव्हतंच. ते सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी सुटले.

जॉर्जियाचं कारण याहून निर्विवाद. २००८ मध्ये इराकमध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या खालोखाल मोठी फौज जॉर्जियाची होती, सुमारे दोन हजारांची. ऑगस्टमध्ये दक्षिण ओसेतियावरून रशियाशी युद्ध पेटलं आणि या छोट्या देशाच्या लक्षात आलं की आपली सर्वांत कसलेली माणसं इराणच्या सरहद्दीजवळ नाकेबंदी करत बसली आहेत. अमेरिकेनंच आपल्या मालवाहू विमानांतून त्यांना दोन-तीन दिवसांत घरी पोचवलं. यावर पुतीन चिडले. बाकी कुणी जॉर्जियाला नावं ठेवली नाहीत.

फ्रान्सचं आणखी वेगळं. जानेवारी २०१२ मध्ये कापिसा प्रांतात एका अफगाण सैनिकानंच, ज्यांच्याकडून तो शिकत होता त्या चार फ्रेंच सैनिकांना गोळ्या घातल्या. निकोला सार्कोझींनी माघारीची तारीख अलीकडे ओढली, त्यांच्यानंतर आलेल्या फ्रान्स्वा ओलांद यांनी आणखी अलीकडे.

६. दोन जाण्यांतला फरक

निघायचा हक्क सगळ्यांना सारखाच. वापरायची रीत मात्र वेगवेगळी, आणि मित्रदेश राग धरतात तो बहुधा रीतीवर. कॅनडाकडे पाहिलं की हे ध्यानात येतं.

२००६ पासून कंदाहारची जबाबदारी कॅनडाकडे होती. तालिबानचा तो बालेकिल्ला, तिथे सैनिक सतत मरत होते आणि स्टीफन हार्पर यांचं सरकार अल्पमतातलं. सरकारनं माजी उपपंतप्रधान जॉन मॅन्ली यांच्या समितीकडे प्रश्न सोपवला. मॅन्ली विरोधी लिबरल पक्षाचे, हा त्यातला चतुर भाग. मार्च २००८ मध्ये संसदेनं मतदान करून ठरवलं: आम्ही २०११ पर्यंत राहू, पण मित्रांनी आणखी एक हजार सैनिक दिले पाहिजेत आणि आमच्या माणसांना हेलिकॉप्टरं आणि टेहळणीची चालकविरहित विमानं मिळाली पाहिजेत. म्हणजे थांबण्याची किंमत आणि निघण्याची तारीख दोन्ही तीन वर्षं आधी टेबलावर. जुलै २०११ मध्ये कंदाहारची लढाऊ मोहीम संपली, तोवर तिथे अमेरिकेची वाढीव कुमक येऊन बसली होती. कॅनडाचे प्रशिक्षक मार्च २०१४ पर्यंत काबूलमध्ये होते. त्या युद्धात कॅनडानं १५८ सैनिक गमावले. कॅनडानं पाठ फिरवली, असं मात्र कुणी म्हटलं नाही.

नेदरलँड्स स्पेन आणि कॅनडा या दोन टोकांच्या मधोमध अडकला. उरुझगान प्रांतात त्याचे दीड हजारांहून अधिक सैनिक होते. आधी लोकांशी बोला, विहिरी-शाळा बांधा, अगदीच गरज पडली तर लढा, या डच पद्धतीचं इतर देशांतले अधिकारी कौतुक करत. १७ एप्रिल २००८ ला पेटर फान उम यांनी सरसेनापतिपद स्वीकारलं. दुसऱ्याच दिवशी उरुझगानमध्ये रस्त्यावरच्या बॉम्बनं मारलेल्या दोन डच सैनिकांत त्यांचा मुलगा होता. ते पदावर राहिले, मोहीमही चालू राहिली. एकदा मुदत वाढवून मिळाली होती. २०१० मध्ये नाटोच्या सरचिटणीसांनी पुन्हा राहण्याची विनंती केली तेव्हा मात्र सत्तेतला मजूर पक्ष अडून बसला. दिलेला शब्द एकदा वाढवला, आता नाही. रात्रभर चाललेल्या बैठकीनंतर २० फेब्रुवारीच्या पहाटे पंतप्रधान बाल्केनेंडे यांनी सरकार कोसळल्याचं जाहीर केलं. अफगाणिस्तानातून फौज काढण्याच्या वादात नाटोतल्या एका देशाचं सरकारच पडलं. १ ऑगस्टला उरुझगान अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या हवाली झालं. डचांना चैन मात्र पडली नाही. पुढच्याच वर्षी पोलिसांना शिकवायला त्यांची साडेपाचशे माणसं कुंदुझला आली.

७. भारत: एकदा गेलाच नाही, एकदा परत आला

२००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेनं भारताकडे एक अख्खी डिव्हिजन मागितली होती, म्हणजे सतरा हजारांच्या आसपास सैनिक, उत्तर इराकसाठी. दिल्लीत याचे समर्थक कमी नव्हते. वाजपेयींनी विरोधकांशी बोलणी केली, निर्णय पुरेसा लांबवला आणि १४ जुलैला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीनं कळवलं की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तरच विचार करू. स्पेनच्या डोक्यावर त्यानंतर नऊ महिन्यांनी जे कोसळलं ते पाहता, न जाण्याचा निर्णय परत येण्याच्या निर्णयापेक्षा कितीतरी स्वस्त पडला.

परत येण्याचा अनुभव भारताला त्याच्या तीन वर्षं आधी आला होता, पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये. ती संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना होती, आघाडीपेक्षा वेगळा प्रकार, पण दुखणं तेच. सेनापती होते भारताचे मेजर जनरल विजय जेटली, आणि फौजेत भारताचे सुमारे तीन हजार सैनिक होते. मे २००० मध्ये बंडखोरांनी विविध देशांच्या शेकडो शांतिसैनिकांना ओलीस धरलं. कैलाहुन इथे वेढ्यात अडकलेल्या दोनशेहून अधिक भारतीय जवानांना जुलैमध्ये 'ऑपरेशन खुकरी'नं सोडवलं. मग जेटलींचा एक गोपनीय अहवाल फुटला. त्यात मोहिमेतल्या नायजेरियन वरिष्ठांवर हिऱ्यांच्या व्यापारात बंडखोरांशी संगनमताचे आरोप होते. नायजेरियाची फौज मोठी आणि ती त्या भागातली महासत्ता. सेनापती आणि त्याच्याच सहकाऱ्यांत उभा दावा. सप्टेंबरमध्ये भारतानं फौज परत घेत असल्याचं कळवलं, पाठोपाठ जॉर्डननंही. त्यांची जागा बांगलादेश आणि पाकिस्तान यांनी भरली. मोहीम कोसळेल अशी भीती होती. उलट मार्च २००१ मध्ये सुरक्षा परिषदेनं तिची मर्यादा १७,५०० सैनिकांपर्यंत वाढवली. पोकळी दिसली म्हणून न्यूयॉर्कला हात सैल सोडावा लागला.

८. मागाहून येणारी बिलं

कायद्यानं दंड नसला तरी हिशेब होतात. बुश यांच्या उरलेल्या पावणेपाच वर्षांत सापातेरोंना व्हाइट हाउसचं स्वतंत्र आमंत्रण आलं नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये आर्थिक संकटावरच्या जी-२० परिषदेसाठी ते तिथे पोचले, तेही फ्रान्सनं आपल्या वाट्याची एक खुर्ची देऊ केली म्हणून. या रागात जुनी खोचही होती. ऑक्टोबर २००३ च्या माद्रिदमधल्या संचलनात अमेरिकेचा ध्वज समोरून जाताना सापातेरो जागचे उठले नव्हते. आणि फौज परत आणून ते गप्पही बसले नाहीत. सप्टेंबर २००४ मध्ये ट्युनिसला त्यांनी इतर देशांनीही तोच रस्ता धरावा असं सुचवलं. वॉशिंग्टनला फौज गेल्यापेक्षा हे जास्त झोंबलं असावं.

एका दारातून निघालेल्या स्पेननं दुसऱ्या दारातून भरपाई केली. अफगाणिस्तानातली त्याची फौज वाढली. ऑगस्ट २००५ मध्ये हेरातजवळ हेलिकॉप्टर कोसळून सतरा स्पॅनिश सैनिक गेले ते या वाढीव मोहिमेत. त्याच वर्षी स्पेननं कायदा केला की परदेशी मोहिमेवर फौज पाठवण्याआधी संसदेची संमती लागेल.

हे सगळं झालं लहान भागीदारांचं. कासरा हातात असलेलाच निघाला तर? १४ एप्रिल २०२१ ला जो बायडेन यांनी अफगाणिस्तानातून संपूर्ण माघार जाहीर केली. तेव्हा तिथे अमेरिकेचे सुमारे अडीच हजार सैनिक होते आणि इतर देशांचे मिळून सात हजार. डोकी मोजली तर पाहुणे यजमानाच्या जवळपास तिप्पट. पण विमानं, हेलिकॉप्टरं, टेहळणी आणि जखमींना उचलून नेण्याची व्यवस्था अमेरिकेची. त्याच दिवशी नाटोनंही माघार ठरवली. २९ जूनला जर्मनीचे शेवटचे सैनिक मझार-ए-शरीफहून उडाले. ब्रिटनचे संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनी अमेरिकेशिवाय काही देशांची फौज मागे ठेवता येईल का, याची मित्रांकडे चाचपणी केली होती. कुणी तयार झालं नाही, हे त्यांनीच ऑगस्टमध्ये सांगितलं. २८ ऑगस्टला ब्रिटनचं शेवटचं लष्करी विमान काबूलहून निघालं, ३० ला अमेरिकेचं.